सगळ्या मरतातच का शेवटी?

आमच्या वाचन-गटाने गेल्या वर्षी एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या घ्यायचं ठरवलं, तेव्हा यादी करायला चहा संपण्याइतकाही वेळ लागला नाही. लग्नाच्या चौकटीत घुसमटलेल्या नायिका म्हटलं की नावं आपोआप जिभेवर येतात. फ्लोबेअरची एमा बोव्हारी, टॉलस्टॉयची अ‍ॅना, केट शोपँची एडना. मराठीतली एक हवीच, म्हणून हरिभाऊ आपट्यांची यमू. जुलै ते ऑक्टोबर, महिन्याला एक. ऑक्टोबरच्या बैठकीत चर्चा रंगात आली असताना गटातल्या एका ताईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "मला एक सांगा, या सगळ्या मरतातच का हो शेवटी?"

ताई बँकेतून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी कर्जविभागात. साहित्यावर बोलताना त्या बिचकतात, पण प्रश्न विचारतात तो पासबुक तपासल्यासारखा. आम्ही उत्तरं दिली. त्या काळी बाईला दुसरा मार्ग कुठे होता; शोकांतिका आहे ती; मरण हाच निषेध. मीही असंच काहीतरी बोलले. घरी परतताना मात्र वाटत राहिलं की आपण ताईंना गप्प केलं, उत्तर दिलं नाही. कारण त्या काळी दुसरंही होत होतं. प्रत्यक्षात होत होतं आणि कादंबरीतही. ती पुस्तकं आमच्या यादीत नव्हती एवढंच.

बंड करून मेलेली नायिका समाजाला परवडते. तिच्यासाठी डोळे पुसले की हिशेब मिटतो. बंड करून जगलेली बाई महाग पडते, कारण जगायला जे जे लागतं ते ती मागते. पगार, भाड्याची खोली, मुलाचा ताबा, स्वतःच्या नावाचं खातं. एकोणिसाव्या शतकाच्या कादंबरीने हे सगळं हिशेबासकट लिहून ठेवलेलं आहे. आपण त्यातलं मरण तेवढं उचललं, आणि लेखांतून, वर्गांतून, महिला दिनाच्या भाषणांतून तेच पुढे देत आलो.

हे मरण त्या काळी काय कामाला येत होतं, ते पाहण्यासारखं आहे. 'मादाम बोव्हारी' १८५६ च्या अखेरीस पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः छापून आली आणि पुढच्याच जानेवारीत लेखक, संपादक आणि मुद्रक तिघे कोर्टात उभे राहिले. आरोप, सार्वजनिक नीतीला आणि धर्माला धक्का दिल्याचा. सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी पानं वाचून दाखवली. बचावाचे वकील सेनार हे माजी गृहमंत्री, मुरलेले गृहस्थ. त्यांचा युक्तिवाद असा की ही कादंबरी दुर्गुणाची दहशत दाखवून सद्गुणाकडे वळवते. ही बाई चुकली खरी, पण बघा तरी तिची अखेर कशी झाली! ७ फेब्रुवारी १८५७ ला फ्लोबेअर सुटला. एमाने खाल्लेलं आर्सेनिक तिच्या लेखकाला असं कामी आलं. तिने काय काय केलं ते छापायचं तर शेवटी तिला मारून दाखवणं, ही जणू परवान्याची फी होती. फ्लोबेअरने ती फी म्हणून भरली असं मी म्हणत नाही. तो इतका साधा लेखक नव्हे. पण कोर्टाला ती तशी पोचली, आणि आपल्यालाही बहुधा तशीच पोचते.

ताईंनी तीच कादंबरी वाचून विचारलेला पहिला प्रश्न होता, "कर्ज किती झालं होतं हिला?" आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. प्रियकर रोदोल्फचं पत्र आठवत होतं, रुआं शहरातली ती पडदे ओढलेली घोडागाडी आठवत होती. आकडा पुस्तकात आहे. आठ हजार फ्रँक, चोवीस तासांत भरा, नाहीतर घरातल्या सामानाची जप्ती. ल्यरो नावाचा कापडवाला आधी शाल दाखवतो, मग उधारी देतो, मग हुंडी लिहून घेतो, जुन्या हुंडीवर नवी चढवतो, आणि शेवटी नवऱ्याकडून कुलमुखत्यारपत्र मिळवायची युक्तीही तोच सुचवतो. आपल्याकडच्या सावकारी पाशावरच्या कुठल्याही गोष्टीला ही प्रकरणं बिनदिक्कत जोडता येतील. शेवटच्या दिवशी एमा दारोदार फिरते ती प्रेमासाठी नाही. तीन हजार फ्रँक मागायला ती जुन्या प्रियकराकडेही जाते, आणि तो नाहीत म्हणतो. नोटरी पैसे द्यायला तयार असतो, पण त्याची नजर वेगळी असते. बाई वसुलीत मेली. घटस्फोट फ्रान्समध्ये १८१६ साली बंद झाला होता तो १८८४ पर्यंत परतलाच नाही, त्यामुळे बाहेर पडायला कायद्याने दारच ठेवलेलं नव्हतं. पुस्तकाच्या अगदी शेवटी दोन ओळींत कळतं की एमाची पोर, बेर्त, पोटासाठी सूतगिरणीत कामाला लागली. एमाच्या मरणावर एवढं लिहिलं गेलं, त्या पोरीच्या गिरणीवर किती?

अ‍ॅनाचीही तीच तऱ्हा. तिने आगगाडीखाली दिलेला जीव सगळ्यांना ठाऊक असतो. नवऱ्याच्या परवानगीवाचून रशियन बाईला स्वतःचा पासपोर्ट मिळत नसे, घटस्फोट चर्चच्या हातात होता, आणि मुलाला 'तुझी आई वारली' असं सांगून ठेवलं होतं, हे आठवावं लागतं. १८९९ च्या 'द अवेकनिंग'मधली एडना वेगळं घर करते, चित्रं विकून चार पैसे मिळवते. तिचा नवरा काय करतो? भांडत नाही. वर्तमानपत्रात सूचना देतो की आमच्या वाड्याची डागडुजी चालू आहे आणि आम्ही उन्हाळ्यात परदेशी जाण्याच्या विचारात आहोत. बायको घर सोडून गेली ही गोष्ट गवंड्यांच्या नावावर खपवली! 'लोक काय म्हणतील' या रोगावरचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पण चर्चा होते ती शेवटच्या समुद्राची.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणावंच, की मरणं खोटी नव्हती. जानेवारी १८७२ मध्ये टॉलस्टॉयच्या शेजारच्या जमीनदाराबरोबर राहणाऱ्या अ‍ॅना पिरोगोव्हा या बाईने यासेन्की स्टेशनात मालगाडीखाली जीव दिला आणि टॉलस्टॉय तो देह पाहून आला होता. आपल्याकडच्या विहिरींना विचारा, त्या किती नावं सांगतील. लेखकाने हे लिहायला नको होतं असं कोण म्हणेल? माझी तक्रार लेखकांशी नाही, निवडणाऱ्यांशी आहे. शंभर वर्षांच्या लिखाणातून आपण कोणत्या बायका वर काढून ठेवल्या, त्याची.

आणि लेखकांचंही एक गंमतीचं आहे. जॉर्ज एलियट या नावाने लिहिणारी मेरी अ‍ॅन एव्हान्स १८५४ पासून जॉर्ज लुईस या विवाहित माणसाबरोबर उघडपणे राहिली, तो जाईपर्यंत, चोवीस वर्षं. सख्ख्या भावाने बोलणं टाकलं. ती लिहीत राहिली. 'रोमोला' या एका कादंबरीचे तिला सात हजार पौंड मिळाले. लग्न झालेलं नसल्यामुळे कायद्याने तिची कमाई तिचीच होती. लग्न झालं असतं तर त्या काळच्या इंग्लंडात ती नवऱ्याची झाली असती. अशा बाईने १८६० मध्ये मॅगी टलिव्हर निर्माण केली आणि तिला नदीच्या पुरात बुडवली. केट शोपँ बत्तिशीच्या आसपास विधवा झाली, सहा मुलं वाढवली, लेखणीवर नाव मिळवलं, आणि तिची एडना समुद्रात शिरते. स्वतः पोहून पार झालेल्या बायकांनी नायिका का बुडवल्या, हा प्रश्न मला सुटलेला नाही. वाचक सहानुभूती देईल ती बुडणारीलाच, हे बहुधा त्यांना पक्कं माहीत होतं.

आता यादीत नसलेलं पुस्तक. १८४८ मध्ये अ‍ॅक्टन बेल या पुरुषी नावाने 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' आलं. लेखिका अ‍ॅन ब्राँटे, तिघी बहिणींतली धाकटी. नायिका हेलन. नवरा आर्थर हंटिंग्डन देखणा, दारुडा, बाहेरख्याली. आणि लहानग्या मुलाला मांडीवर घेऊन दारू पाजायला शिकवणारा. हेलन ठरवते की इथून जायचं. इथून पुढे ही कादंबरी भावनेची राहत नाही, तयारीची होते, आणि म्हणून मला ती प्रिय आहे. ती रंगांचं सामान जमवते, चित्रं विकून गुजराण करायचा बेत आखते. नवरा तिची रोजनिशी हिसकावून वाचतो. मग काय करतो? मारत नाही. किल्ल्या काढून घेतो, पैसे आणि दागिने काढून घेतो, आणि तिचे कुंचले, रंग, कॅनव्हास शेगडीत टाकतो. बाईचं नेमकं काय जाळायचं हे त्याला बरोबर कळलेलं असतं. पत्रं नाही जाळली त्याने, हत्यारं जाळली.

दुसऱ्या खेपेला ती निसटते. मुलगा आणि जुनी मोलकरीण रेचल यांना घेऊन, नाव बदलून, एका पडक्या वाड्याच्या राहण्याजोग्या भागात बिऱ्हाड करते. चित्रं लंडनला विकायला पाठवते आणि त्यांच्याखाली जागांची खोटी नावं घालते, माग लागू नये म्हणून. गावातले लोक कुजबुजतात, पाद्री उपदेश करतात, सभ्य बायका येऊन मुलाला कसं वाढवावं ते सांगतात. आज एकट्या बाईला फ्लॅट देताना सोसायटीत जी चौकशी होते, तिची ही पणजी.

कथानक १८२७ च्या सुमाराचं आहे. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला कायद्याने वेगळं अस्तित्वच नव्हतं. तिची कमाई नवऱ्याची. मूल नवऱ्याचं. हेलनने स्वतःच्या पोटच्या पोराला नेलं ती कायद्याच्या नजरेत बापाच्या हक्कावरची चोरी. आईला लहान मुलांसाठी निदान अर्ज करता येण्याची सोय १८३९ च्या कायद्याने झाली, तीही सात वर्षांच्या आतल्या मुलांपुरती आणि कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने स्वतःची मुलं नवऱ्याने पळवल्यावर रान उठवलं म्हणून. १८५७ च्या कायद्याने घटस्फोट कोर्टात मिळू लागला. पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बाईला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा टाकून देणं किंवा तसंच आणखी काही दाखवावं लागे. बाईची कमाई बाईची, हे १८७० मध्ये, आणि मालमत्ताही तिचीच, हे १८८२ मध्ये. हेलन या सगळ्याच्या आधी निघाली आणि टिकली. पुढे नवरा मरायला टेकल्यावर ती त्याची शुश्रूषा करायला परत जाते, आणि आजचा वाचक इथे नाक मुरडतो. मीही पहिल्या वाचनात मुरडलं होतं. पण जाताना ती काय करते ते वाचा. मुलाला भेटायचंय म्हणतोस ना, मग आधी कागदावर लिहून दे की याच्यावर तुझा हक्क सांगणार नाहीस. मरणाऱ्या माणसाकडून ती सही घेते. तो म्हणतो ही निष्ठुर आहे. असेल.

पुस्तक चांगलं खपलं, समीक्षकांनी ओंगळ म्हटलं. अ‍ॅनने दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना लिहून ठणकावलं की मला सत्य सांगायचं होतं. पुढच्याच वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली. तिच्यामागे पुनर्मुद्रणाचा विषय निघाला तेव्हा 'नको' म्हणणारी होती तिची सख्खी थोरली बहीण, शार्लट. विषयाची निवडच चुकली, असं तिचं मत. ज्या बाईने जेन एअर लिहिली, तिचं! आणि जेनला तरी काय, मदिरा बेटावर राहणाऱ्या काकाचे वीस हजार पौंड ऐन वेळी मिळाले. तिने तीन भावंडांना वाटून पाच हजार स्वतःला ठेवले आणि मगच ती रॉचेस्टरच्या दारात गेली. वर्षाला तीस पौंडांची मास्तरीण म्हणून गेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. शार्लटला पैशाचं गणित कळत नव्हतं असं नाही. तिच्या 'व्हिलेट'मधली ल्यूसी स्नो प्रियकराने थाटून दिलेली शाळा तो परदेशी असताना तीन वर्षं एकटीने चालवते आणि सांगते की ही माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची तीन वर्षं. प्रियकर दूर, शाळा जवळ, आणि सुख! हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते.

शतक सरता सरता, १८९३ मध्ये, जॉर्ज गिसिंगने 'द ऑड विमेन' लिहिली. ऑड म्हणजे जोडीतून उरलेल्या. या देशात पुरुषांपेक्षा पाच लाख बायका जास्त आहेत, त्यांचं काय करायचं, असा तो काळ. डब्ल्यू. आर. ग्रेग नावाच्या एका विद्वानाने १८६२ मध्येच उपाय सुचवून ठेवला होता की या 'जादा' बायका जहाजात घालून वसाहतींत पाठवाव्यात, तिकडे नवरे आहेत. गिसिंगच्या दोन बायका, मेरी बारफूट आणि रोडा नन, लंडनमध्ये अशा मुलींना टंकलेखन शिकवतात. टाइपरायटर! स्वातंत्र्याची इतकी खडखडीत, इतकी अनाकर्षक वस्तू दुसरी नसेल. म्हणूनच ती कुणाच्या कवितेत आली नाही. दुसरीकडे मॅडन बहिणी आहेत. बापाने विमा उतरवायचा लांबणीवर टाकला आणि मेला. थोरल्या दोघी एका खोलीत राहतात, भांडवलाला हात लावायचा नाही म्हणून नुसता भात खाऊन दिवस काढतात आणि भात किती पौष्टिक असतो ते एकमेकींना पटवतात. धाकटी या भातापासून सुटका म्हणून लग्न करते, संशयी नवऱ्याच्या पहाऱ्यात सापडते आणि बाळंतपणात जाते. रोडा लग्न नाकारते. ती सुखी आहे का? गिसिंग ते उघडं बोलत नाही. रोडा चुकते, अहंकारीही वागते. पण शेवटच्या पानावर शाळेला जागा पुरेनाशी झालेली असते आणि बायकांसाठी नवं पत्र निघायच्या बेतात असतं. नायिका जिवंत, कामात, थोडी एकटी. आमच्या गटात ही कादंबरी सुचवल्यावर एकजण म्हणाला, "म्हणजे त्यात फारसं घडत नाही तर."

कादंबरीतल्या जगणाऱ्या बाईचं अनुकरण होऊ शकतं, हा तिचा खरा धोका. मरणारीचं अनुकरण कोण करणार? चेर्निशेव्हस्कीने तुरुंगात लिहिलेली 'काय करावे?' १८६३ मध्ये आली. साहित्य म्हणून ती बोजड आहे, मी ती उड्या मारत वाचली हे कबूल करते. पण तिच्यातली व्हेरा आईबापांच्या घरातून सुटण्यासाठी एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याशी नावापुरतं लग्न करते, स्वतंत्र खोलीत राहते, शिवणकाम करणाऱ्या मुलींना नफ्यात वाटा देणारा कारखाना काढते. रशियातल्या तरुण मुलींनी हे अक्षरशः उचललं. बापाच्या परवानगीच्या कागदातून सुटायला नवऱ्याच्या परवानगीचा कागद, म्हणून नावापुरती लग्नं लागू लागली. गणितज्ञ सोफिया कोव्हालेव्हस्कायाने १८६८ मध्ये असंच लग्न केलं आणि त्याच्या आधाराने पुढच्या वर्षी ती शिकायला जर्मनीकडे गेली.

पैसा मिळाला की झालं, असं मी म्हणते आहे असं वाटत असेल, तर हेन्री जेम्सची इझाबेल आर्चर समोर येऊन उभी राहते. तिला सत्तर हजार पौंड मिळतात आणि त्या पैशानेच ती सापळ्यात सापडते. बरोबर आहे. खात्यात रक्कम असून चालत नाही, सही कुणाची चालते आणि सही मागणाऱ्याला ओळखता येतं का, हेही लागतं. ताई म्हणतात, बँकेत त्यांनी अशा इझाबेल रोज पाहिल्या. पगार हिचा, एटीएम कार्ड त्याच्या खिशात.

आणि इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा? नाटकातली असली तरी तिला टाळता येत नाही. २१ डिसेंबर १८७९ ला कोपनहेगनच्या रंगभूमीवर तिने दार आपटलं ते अजून ऐकू येतं. जर्मनीत एका नामवंत नटीने हा शेवट करायला नकार दिला. मी माझ्या मुलांना कधीच सोडून जाणार नाही, म्हणाली. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा मीच करतो म्हणून इब्सेनने दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते. आपल्याच नाटकावरच्या या प्रकाराला तो रानटी म्हणे. पण जिच्यावरून नोरा सुचली ती लॉरा कीलर खरोखरीची होती. क्षयी नवऱ्याच्या उपचारासाठी तिने कर्ज काढलं, फेडीसाठी खोटा कागद केला, आणि नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं. नंतर ती मुलांसाठी त्याच घरी परतली आणि पुढे आयुष्यभर लिहीत राहिली. दार आपटणारी जगप्रसिद्ध झाली. परत येऊन लिहिणारी टीपेत राहिली.

आता आपल्या अंगणात. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मधून येऊ लागली. यमूचं केशवपन वाचताना आजही हात थरथरतो, आणि त्या पानांनी मराठी घरांत जे केलं ते शंभर व्याख्यानांनी झालं नसतं. हरिभाऊंना कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण मुंबईत, त्याच्या दोनच वर्षं आधी, एक गोष्ट घडून गेली होती. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला; अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने हुकूम केला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग चालेल म्हणून कळवलं. मधल्या काळात त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या सहीने टाइम्समध्ये पत्रं लिहिली होती. टिळकांनी विरोधात झोड उठवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, बाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटकडे वर्षानुवर्षं दवाखाने चालवले. १९५५ पर्यंत जगल्या.

ताईंनी याही प्रकरणात पहिला प्रश्न पैशाचाच विचारला, आणि उत्तर मिळालं तेव्हा टेबलावर बोट आपटलं. रखमाबाईंच्या आईने, जयंतीबाईंनी, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करताना पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर केली होती.

ज्या 'नांदायला ये' या दाव्याने रखमाबाईंना कोर्टात खेचलं तो दावा मुळात इंग्रजांच्या चर्च कोर्टातला. तो न जुमानल्याबद्दल तुरुंगात टाकणं खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये बंद केलं होतं, म्हणजे मुंबईत धमकी दिली गेली त्याच्या तीन वर्षं आधी. दावाच १९७० मध्ये रद्द केला. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो नवव्या कलमात बसलेला आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुन्हा वैध ठरवला. जिने हा दावा झुगारला तिच्यावर एकोणिसाव्या शतकात मराठीत एक मोठी कादंबरी व्हायला हवी होती. कोर्ट, पत्रं, वृत्तपत्रं, बोट, वैद्यकीचा अभ्यास, सगळा मसाला तयार होता. काय नव्हतं तर शेवटचं मरण.

हे जुनं झालं म्हणावं तर तसंही वाटत नाही. सासरी जाळलेल्या मुलीसाठी आपण मेणबत्त्या घेऊन चौकात जातो, आणि जायलाच हवं. तीच मुलगी सहा महिने आधी बॅग घेऊन आली असती, तर 'थोडं सांभाळून घे' म्हणणाऱ्यांत त्याच मेणबत्त्या धरणारे किती असते? नवऱ्याला सोडून बरी कमावणारी, हसतमुख, नवी साडी नेसून लग्नकार्यात येणारी बाई पाहिली की कुजबूज होते. तिचं दुःख पुरेसं दिसत नाही ना. तिने थोडं तरी झिजलेलं दिसावं अशी आपली अपेक्षा असते, आणि ही अपेक्षा आपण कोर्टातल्या सेनारसाहेबांइतक्याच निरागसपणे बाळगतो.

या वर्षीची यादी मी केली. सुरुवात 'टेनंट'पासून. पहिल्या बैठकीत कुणी म्हणालं रचना सैल आहे, कुणी म्हणालं दुसरं लग्न गोड केलंय, दोन्ही खरं. ताई गप्प होत्या. सगळे उठायला लागल्यावर त्यांनी पुस्तकात बोट घातलेलं होतं तिथे ते उघडलं, मरणाऱ्या आर्थरकडून हेलन कागदावर सही घेते त्या पानावर.

"सही झाली हे ठीक," त्या म्हणाल्या. "साक्षीदार कोण होतं?"

मी चपला काढून पुन्हा आत आले आणि आम्ही दोघी ते पान वरून वाचायला लागलो.